बिनसाखरेची गोडी आणि यकृताचा कारभार

स्वयंपाकघरात साखरेचा एकच डबा असायचा ते दिवस आता गेले. ओट्यावरच्या स्टीलच्या डब्याशेजारी हल्ली एक चिमुकली पांढरी डबी असते. बटण दाबलं की टिचकन एक गोळी कपात पडते आणि चहा गोड! कॅलरी नाही, साखर नाही, चारचौघांत ‘मला बिनसाखरेचा हं’ म्हणायचा संकोच नाही. आधी ही डबी फक्त मधुमेहाच्या घरात दिसे. आता वजन उतरवणाऱ्या सुनेच्या पर्समध्ये ती असते. व्यायामशाळेत जाणाऱ्या चिरंजिवांच्या प्रोटीन पावडरीत तीच गोडी, ‘झिरो’ लिहिलेल्या बाटलीतही तीच. आणि जिथे शोधायचं आपल्या मनातसुद्धा येत नाही तिथेही ती असते : टूथपेस्टमध्ये, मुलांच्या खोकल्याच्या औषधात, गोड सुपारीच्या पुडीत.

ह्या गोडीबद्दल आपली सगळ्यांची समजूत एकच. ती जिभेला फसवते आणि आल्या पावली शरीराबाहेर जाते. समजूत अगदीच खोटी नाही. सुक्रालोज घ्या. साखरेच्या सहाशे पट गोड, पण खाल्लेल्यातला सुमारे पंच्याऐंशी टक्के भाग आतड्यातून तसाच निघून जातो. जो थोडा रक्तात शिरतो तोही बहुतेक न मोडता लघवीवाटे बाहेर पडतो. सॅकरीन आणि एसेसल्फेम-के रक्तात शिरतात, पण तीही शरीर मोडत नाही, मूत्रपिंडं जशीच्या तशी बाहेर टाकतात. अस्पार्टेमचं मात्र वेगळं. ते पोटात पूर्ण पचतं, त्याचे तुकडे होतात.

म्हणजे काय, यकृताला ह्या पाहुण्यांसाठी चूलच पेटवावी लागत नाही. मग यकृताचा काय संबंध, असं अनेक वर्षं धरून चाललं होतं. पण न जेवता जाणारा पाहुणासुद्धा दारावरच्या माणसाच्या नजरेला पडतोच ना? गेल्या काही वर्षांत उंदरांवर जे प्रयोग झाले, त्यांतून ह्या दारावरच्या माणसांबद्दलच काही नवल कळलं आहे. तेच आज सांगायचं आहे.

मला ह्याची चौकशी करावीशी वाटली ती सासूबाईंच्या औषधांवरून. रोज तीन गोळ्या : मधुमेहाची मेटफॉर्मिन, रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. तुमच्याही घरात हेच त्रिकूट असेल, फारसा फरक नसेल. त्यांच्या जोडीला दिवसभरातले चहा-कॉफीचे पाच-सहा कप, आणि प्रत्येकात त्या डबीतल्या दोन गोळ्या. शाळेतल्या स्टाफरूममध्ये सहज म्हणाले, “औषधाच्या गोळ्या तीन आणि गोडाच्या दहा-बारा, ह्या आत एकमेकींशी भांडत नसतील कशावरून?” सायन्सच्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “प्रश्न बरोबर आहे, यकृतापासून वाचायला सुरुवात कर.” मी बी.ए. झालेली, मराठी शिकवणारी बाई. पण वाचत गेले, बाईंना विचारत गेले, आणि हे सगळं आपल्याच कामाचं निघालं.

यकृताचं काम सांगायला मला तेलकट कढईचं उदाहरण फार पटतं. भजी तळलेली कढई नुसत्या पाण्याखाली धरली तर काय होतं? पाणी वरून ओघळून जातं, तेल जागच्या जागी. औषधांचं, रंगांचं, कीटकनाशकांच्या अंशांचं आणि आपल्याच शरीरातल्या कितीतरी द्रव्यांचं असंच असतं. ती तेलात मिसळणारी असतात, म्हणून लघवीच्या पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. यकृत आधी ती खरवडतं. हे खरवडण्याचं काम करणाऱ्या एन्झाइमांच्या मोठ्या कुटुंबाचं नाव सायटोक्रोम पी-४५०. (शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. घरात कुणी म्हणत नाही, म्हणून मी एन्झाइमच म्हणते.) मग दुसऱ्या फळीतली एन्झाइमं त्या खरवडलेल्या वस्तूला एखादा पाण्यात विरघळणारा रेणू चिकटवतात. हा झाला साबण. आणि शेवटी पेशीच्या भिंतीतले पंप तो सगळा ऐवज मोरीत ढकलतात, म्हणजे पित्तात किंवा रक्तावाटे मूत्रपिंडाकडे. ह्या पंपांपैकी सगळ्यांत नावाजलेला पंप म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. आपण त्याला नुसतं ‘पंप’ म्हणू.

खरवडणारी एन्झाइमं आणि हा पंप फक्त यकृतात नसतात, आतड्याच्या अस्तरातही असतात. तोंडावाटे जे आत जातं त्याची पहिली झडती आतड्यात होते, दुसरी यकृतात. आतड्यातला पंप तर आत शिरू पाहणाऱ्या औषधाला सरळ मागे, आतड्याच्या पोकळीत ढकलून देतो.

ही एन्झाइमं कमीजास्त होतात, आणि ते आपल्याला चांगलंच भोवू शकतं. क्षयरोगावर रिफाम्पिसिन नावाचं औषध देतात. ते सायटोक्रोमपैकी ‘३ए४’ ह्या एन्झाइमाचं प्रमाण इतकं वाढवतं की संततिनियमनाची गोळी भराभर मोडली जाते आणि तिचा भरवसा राहत नाही. म्हणून हे औषध चालू असताना दुसरा उपाय वापरायला सांगतात. (ज्या बहिणींना हे कुणी सांगितलं नसेल त्यांनी आजच डॉक्टरांना विचारावं.) ग्रेपफ्रूटच्या रसाचं ह्याच्या उलट. तो आतड्यातल्या त्याच ३ए४ ला बंद पाडतो, त्यामुळे काही औषधं रक्तात नको इतकी वाढतात. एक औषध आणि एक फळ. ग्रेपफ्रूट काही विष नव्हे, पण त्या एन्झाइमाला ते कळतं.

सासूबाईंच्या त्रिकुटात अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ह्या दोन्ही गोळ्या ह्याच ३ए४ च्या हातून जातात. मेटफॉर्मिन मात्र यकृतात न मोडता थेट मूत्रपिंडातून बाहेर.

आता गोडाकडे वळू. त्याआधी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही बहुतेक कृत्रिम गोडी सापडली ती हात न धुतल्यामुळे! १८७९ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेतून कॉन्स्टंटिन फाहलबर्ग घरी गेला, जेवायला बसला, तर पाव गोड लागला. हातावर राहिलेलं ते रसायन म्हणजे सॅकरीन. १९३७ मध्ये मायकेल स्वेडाला सिगारेट गोड लागली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटलं, ते अस्पार्टेम. आणि सुक्रालोजच्या जन्माशी आपल्याकडचं एक नाव जोडलेलं आहे, शशिकांत फडणीस. १९७६ च्या सुमारास लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ ह्यांच्या हाताखाली ते संशोधन करत होते. साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून तयार झालेला पदार्थ ‘टेस्ट’ कर, म्हणजे तपासून बघ, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं ‘टेस्ट’, म्हणजे चव घे! आणि घेतली. इंग्रजी उच्चाराच्या एका घोटाळ्यातून कोट्यवधींचा धंदा उभा राहिला. जेवणाआधी हात धुण्याचे धडे मुलांना देणाऱ्या आपण बायका, पण हे सगळे शास्त्रज्ञ आपल्या घरात वाढले असते तर एकही गोळी निघाली नसती.

ह्याच सुक्रालोजवर २००८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि यकृत-आतड्याच्या एन्झाइमांची चर्चा तिथून तापली. मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरांना बारा आठवडे रोज नळीने ‘स्प्लेंडा’ पाजली. ही पावडर म्हणजे नुसतं सुक्रालोज नव्हे. त्यात सुक्रालोज जेमतेम १.१ टक्का, बाकी माल्टोडेक्स्ट्रिन आणि ग्लुकोज असा भराव. वेगवेगळ्या गटांना दर किलो वजनामागे १०० ते १००० मिलिग्रॅम पावडर, म्हणजे निव्वळ सुक्रालोज १.१ ते ११ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने माणसाला रोज चालेल म्हणून ठरवलेली मर्यादा दर किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे काही गट मर्यादेच्या आतलेच होते.

बारा आठवड्यांनी उंदरांच्या आतड्यात काय दिसलं? तो पंप सुमारे अडीच पट वाढलेला. ३ए४ तेवढंच, अडीच पट. आणि ‘२डी१’ नावाचं आणखी एक एन्झाइम जवळजवळ साडेतीन पट. शिवाय पोटातले उपकारी जंतू, म्हणजे आपल्या दह्याताकाच्या जातकुळीतले लॅक्टोबॅसिलस आणि त्यांचे भाऊबंद, बरेच घटलेले. मग काही उंदरांना आणखी बारा आठवडे स्प्लेंडाशिवाय ठेवलं. तरीसुद्धा पंप आणि एन्झाइमं वाढलेलीच राहिली. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाहुणा जाऊन तीन महिने झाले, तरी दारावरचा पहारा दुप्पटच! आल्या पावली गेला म्हणायचं ते कसं?

पहारा वाढला म्हणजे चांगलंच की, असं कुणी म्हणेल. विषाच्या बाबतीत असेलही. पण दारावरच्या माणसाला विष आणि औषध ह्यांतला फरक कळत नाही. रक्तदाबाची गोळीही त्याच्या लेखी बाहेरची, म्हणजे परकीच.

पण थांबा. लगेच डबी कचऱ्याच्या टोपलीत टाकू नका. बाजारात भाजी घेताना आपण पेंढी उलटून बघतो, तसा हा प्रयोगही उलटून बघायला हवा. पहिलं, पैसे कुणाचे? ह्या प्रयोगाला पैसे दिले होते अमेरिकेतल्या साखर उत्पादकांच्या संघाने, शुगर असोसिएशनने. सुक्रालोजची बदनामी झाली तर फायदा कुणाचा, हे सांगायला नको. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, तज्ज्ञांच्या एका मंडळाने ह्या प्रयोगात मोठ्या त्रुटी आहेत आणि तो आधीच्या संशोधनाशी जुळत नाही, असं लिहिलं. त्या मंडळाला पैसे कुणी दिले? स्प्लेंडा विकणाऱ्या कंपनीने! खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथे एक खाल्ल्या साखरेला जागला, दुसरा खाल्ल्या बिनसाखरेला. दोघांपैकी कुणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. पैसे कुणाचेही असोत, उंदराचं आतडं जे दाखवायचं तेच दाखवतं. पण काय मोजायचं आणि कशावर बोट ठेवायचं, हे माणसं ठरवतात.

दुसरं, तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांना नुसतं पाणी दिलं होतं, भरावाची पावडर नव्हे. मग जे झालं ते सुक्रालोजमुळे की त्या माल्टोडेक्स्ट्रिनमुळे, हे वेगळं कसं काढणार? आणि तिसरी तक्रार माझी, बाई म्हणून. सगळे उंदीर नर होते! औषधांच्या आणि खाण्यापिण्याच्या प्रयोगांत मादीला वगळायची ही खोड फार जुनी. कारण सांगतात, तिच्या शरीरातले मासिक चढउतार हिशेबात घोळ घालतात. अहो, पण हेच चढउतार घेऊन जगणारी अर्धी दुनिया ती गोळी खाते, तिचं काय?

ही उणीव दुसऱ्या एका प्रयोगाने थोडी भरून काढली. २०१९ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लहान चणीच्या उंदरांच्या गाभण माद्यांना सुक्रालोज आणि एसेसल्फेम-के एकत्र दिलं. गाभण असताना आणि मग पिल्लांना पाजत असतानाही. डोस होता माणसासाठी ठरवलेल्या रोजच्या मर्यादेइतका, आणि दुसऱ्या गटाला त्याच्या दुप्पट. पिल्लांनी ती गोडी स्वतः चाखलीच नव्हती. जे मिळालं ते आईच्या पोटातून आणि दुधातून, म्हणजे अगदी थोडं. तरी त्या पिल्लांच्या रक्तात आणि यकृतात खुणा सापडल्या : यकृताची विषं निपटण्याची यंत्रणा मंदावलेली, आणि आतड्यातल्या जंतूंची घडी बदललेली. इथे पैसा ना साखरवाल्यांचा, ना गोळीवाल्यांचा.

आईच्या दुधातून ही गोडी बाळापर्यंत जाते, हे नुसतं उंदरांचं नाही बरं का. २०१५ मध्ये ह्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अंगावर पाजणाऱ्या वीस स्त्रियांचं दूध तपासलं. तेरा जणींच्या दुधात सॅकरीन, सुक्रालोज किंवा एसेसल्फेम सापडलं. त्याने त्या बाळांना काही अपाय झाला असं त्यात म्हटलेलं नाही. सापडलं, एवढंच. पण मला ते एवढंच वाटत नाही. बाळंतपणानंतर वजन उतरवायच्या घाईत आपल्याकडच्या कितीजणी साखर सोडून गोळीवर येतात! त्यांना हे माहीत असावं.

त्यानंतर २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधिकांनी (हो, ह्या दोघीही बायका) प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी यकृतपेशींवर काय दिसलं ते एका परिषदेत मांडलं. एसेसल्फेम-के आणि सुक्रालोज ह्या दोन्हींमुळे यकृतातल्या त्या पंपाच्या कामात अडथळा येतो, आणि तोही रोजच्या खाण्यापिण्यातून शरीरात पोचू शकेल एवढ्याच प्रमाणात. गोडी त्या पंपाला चिकटून बसते. मग ज्या औषधांना त्या पंपातून जायचं असतं त्यांना रांगेत थांबावं लागतं. आता गंमत बघा. २००८ च्या उंदरांच्या आतड्यात पंप वाढलेला, आणि २०२२ च्या यकृतपेशींत तोच पंप तुंबलेला. एकात औषध शरीरात शिरायलाच कमी पडेल, दुसऱ्यात शिरलेलं औषध निघायला उशीर करेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण अवयव वेगळे, मोजमाप वेगळं. पण ‘गोडी यकृताचं काम वाढवते की कमी करते’ असं एका शब्दात विचाराल तर उत्तर देता येणार नाही. देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

उंदराचं माणसाला लागू पडतं का, हा प्रश्न तुमच्या मनात केव्हाचा आला असेल. सॅकरीनची कहाणी ह्या बाबतीत वाचण्यासारखी आहे. १९७७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगात सॅकरीन खाणाऱ्या नर उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. अमेरिकेत बंदी घालायचं ठरत होतं. लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा तिथल्या संसदेने बंदी अडवली आणि पुड्यांवर इशारा छापायचा कायदा केला. पुढे कळलं की नर उंदराच्या लघवीची घडणच अशी असते की भरपूर सॅकरीन पडलं की तिच्यात खडे धरतात आणि ते मूत्राशयाला घासत राहतात. माणसात तसं होत नाही. शेवटी २००० साली तो इशारा पुड्यांवरून गेला. तेवीस वर्षं एका उंदराच्या लघवीपायी जग घाबरून होतं म्हणा ना!

पण हे उलट बाजूनेही खरं आहे, आणि हे घरात कुत्रा असलेल्यांनी नीट वाचावं. झायलिटॉल ही गोडी बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये, पुदिन्याच्या गोळ्यांत, काही टूथपेस्टमध्ये असते. माणसाला तिचा त्रास झालाच तर पोट बिघडण्यापुरता. कुत्र्याच्या शरीरात मात्र ती भसकन इन्सुलिन सोडते. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम एवढ्या झायलिटॉलने त्याची रक्तशर्करा धोकादायक उतरू शकते, ०.५ ग्रॅमने त्याचं यकृत निकामी होऊ शकतं. दहा किलोच्या कुत्र्याला गमच्या थोड्या वड्या पुरतात. मांजराची तऱ्हा तिसरीच. साबण लावणारं एक एन्झाइम तिच्याकडे जवळजवळ नसतंच, म्हणून आपल्या घरातली साधी पॅरासिटॅमॉल तिचा जीव घेते. मुलांना बजावून ठेवा : गम, गोळ्या, औषधं सोफ्यावर टाकायची नाहीत. कुत्र्याने गम खाल्लाच तर लक्षणांची वाट न बघता वेष्टनासकट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. वेष्टनावरून त्यांना प्रमाण कळतं.

तेव्हा उंदराचं पाहून माणसाचा निकाल लावता येत नाही. पण उंदराला काही झालं म्हणून ते सोडूनही देता येत नाही, कारण हे पंप आणि ही एन्झाइमं त्याच्या-आपल्यात बरीचशी सारखी आहेत. आता थोडं गणित करू या, गृहिणीचं. साठ किलोच्या बाईला ड्यूकच्या सगळ्यांत लहान गटाइतकं सुक्रालोज घ्यायचं तर दिवसाला ६६ मिलिग्रॅम लागेल. एक ग्रॅमच्या पुडीत ते अकरा मिलिग्रॅम धरलं, तर सहा पुड्या. तीन कप चहा, प्रत्येकी दोन. हे अशक्य कुठे आहे? अमेरिकी मर्यादा गाठायची तर सत्तावीस-अठ्ठावीस पुड्या लागतील, आणि जागतिक तज्ज्ञ समितीची मर्यादा त्याच्याही तिप्पट आहे. (उंदराचा डोस माणसाला बसवताना शास्त्रज्ञ वजनाखेरीज आणखीही हिशेब करतात. हे माझं गणित फक्त अंदाजासाठी.)

अस्पार्टेमबद्दल २०२३ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले होते ते आठवतात? कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगजनक’ ह्या वर्गात घातलं, आणि तो कर्करोग यकृताचाच. पण ‘कदाचित’ हा शब्द मथळ्यांनी गिळला. त्याच वर्गात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. अन्नातल्या मिश्रणद्रव्यांच्या समितीने तेव्हाच सांगितलं की दर किलोमागे ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा बदलण्याचं कारण नाही. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला पेयाचे नऊ ते चौदा डबे लागतील. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने मात्र जे सांगितलं त्याला फारसे मथळे मिळाले नाहीत, आणि मला ते जास्त उपयोगाचं वाटतं : वजन ताब्यात ठेवण्यासाठी ही गोडी वापरू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही.

माझं मत विचाराल तर मधुमेहाच्या माणसाची गोळी मी हिसकावून घेणार नाही. चमचाभर साखरेचा त्याला होणारा अपाय रोज मोजून दिसतो, यकृतातल्या पंपाचा अजून प्रयोगशाळेतल्या पेशींतच दिसतो. पण धडधाकट सुनेने, कॉलेजातल्या मुलीने केवळ हौसेने दिवसाला आठ-दहा गोळ्या का घ्याव्यात? एका लग्नात ‘शुगर-फ्री’ पाटी लावलेली बासुंदी होती. कसली गोडी घातली आहे म्हणून वाढणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, “काही नाही ताई, नॅचरल आहे, कितीही घ्या.” दोन लहान मुलं तिसरी वाटी घेत होती.

आपल्याकडे कृत्रिम गोडी घातलेल्या पदार्थावर तिचं नाव आणि ‘मुलांसाठी शिफारस नाही’ हा इशारा छापावा लागतो. छपाई मुंगीएवढी असते, चष्मा लावून वाचा. नावाऐवजी आकडे असले तर ९५० म्हणजे एसेसल्फेम-के, ९५१ अस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टेव्हिया आणि ९६७ झायलिटॉल. बऱ्याच पेयांत ९५० आणि ९५५ जोडीने असतात, उंदराच्या पिल्लांवरच्या प्रयोगात होती तीच जोडी. स्वयंपाकात सुक्रालोज वापरणाऱ्यांसाठी आणखी एक : जर्मनीच्या सरकारी जोखीम-संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की १२० अंशांच्या वर तापवल्यास त्यातून क्लोरीनची घातक संयुगं तयार होऊ शकतात. तेव्हा ती पावडर भट्टीतल्या केकात किंवा तळणीच्या सारणात नको, खीर खाली उतरवल्यावर घाला.

आणि घरात रोजची औषधं चालू असतील तर औषध आपल्या मनाने कमीजास्त करू नका, गोळी आणि गोडी ह्यांच्या वेळा मनाने जुळवत बसू नका. एक साधा कागद घ्या. डावीकडे औषधांची नावं लिहा. उजवीकडे दिवसभरात घेतलेली गोडी : किती कप, किती पुड्या, कुठली पावडर, कुठलं पेय, आणि त्यावरचा आकडा. पुढच्या तपासणीला तो डॉक्टरांसमोर ठेवा. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर तो जरूर दाखवा, कारण ते औषध त्याच पंपाच्या भरवशावर असतं आणि त्याचा योग्य डोस आणि जास्त डोस ह्यांत अंतर फार थोडं. बाळ अंगावर पीत असेल किंवा दिवस गेले असतील, तर उजवीकडचा रकाना आधी रिकामा करा, आणि चहाच हवा असेल तर अर्धा चमचा साखरेचा घ्या.

सासूबाईंचा कागद मी केला. उजवीकडे अकरा गोळ्या निघाल्या. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, आणि दुपारच्या दोन चहांतली गोळी स्वतःच काढून टाकली. सकाळच्या पहिल्या कपातली मात्र सोडायला तयार नाहीत.